हार्ड डिस्क पडली, टिकटिक करतेय. रिकव्हरीला पैसे घालावेत का?

कोरी वही | रविवार, रात्री ११:१०

मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून इथे लिहितेय.

काल रात्री २ टीबीची पोर्टेबल डिस्क लॅपटॉपला लावलेली होती. कॉपी चालू होतं. वायरीत पाय अडकला आणि डिस्क टेबलावरून थेट फरशीवर. तेव्हापासून लावली की टिक, टिक, टिक, असं सात-आठ वेळा होतं आणि मग गप्प. लॅपटॉपला दिसतच नाही. दुसरी वायर, दुसरा लॅपटॉप, सगळं करून झालं.

त्यात मुलीचे जन्मापासूनचे फोटो-व्हिडिओ (आता ती सहा वर्षांची आहे), माझं भाषांतराचं जुनं काम, नवऱ्याचे हिशेब आणि अजून काय काय. बॅकअप? हीच डिस्क म्हणजे बॅकअप होती. लॅपटॉपमध्ये जागा होईना म्हणून दोन वर्षांपूर्वी सगळं इकडे हलवलं आणि तिकडचं पुसून टाकलं. (माहितीये. काही बोलू नका.)

एका रिकव्हरीवाल्यांना फोन केला. आकडा ऐकून मी 'बरं, कळवते' म्हणून फोन ठेवला. तेवढ्यात नव्या डिस्क कितीतरी येतील. नवरा म्हणतो, "एका डबीसाठी एवढे पैसे?" मला हो म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही. यातून कुणी गेलंय का? जाणकारांनी प्लीज सांगा.

खटपट्या | रविवार, रात्री ११:२५

पैसे कशाला? प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. माझी ४० जीबीची जुनी डिस्क अशीच उठून बसली होती. वीस मिनिटं चालली, तेवढ्यात कामाचं काढून घेतलं. फुकटात होतंय तर बघायला काय जातंय?

चकतीवाला | रविवार, रात्री ११:४०

डेटा जातो.

कोरी वही, आधी एक करा. ती डिस्क आता कशालाही लावू नका. 'एकदाच बघते' असंही नको. बाकीचं उद्या सविस्तर लिहितो.

बेडूकउडी | सोमवार, सकाळी ७:५०

ऑफिसात एकाने अशाच टिकटिकणाऱ्या डिस्कवर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं सॉफ्टवेअर) चालवलं होतं. रात्रभर. सकाळी टिकटिक थांबली होती. सगळंच थांबलं होतं.

चकतीवाला | सोमवार, सकाळी ९:१५

मी पाच वर्षं एका रिकव्हरी लॅबमध्ये काम केलंय. आता ते क्षेत्र सोडलं, त्यामुळे मला कुणाचं दुकान चालवायचं नाही.

आत काय झालं असेल ते सांगतो. डिस्क फिरत असताना हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा बारीक भाग) आतल्या चकतीला टेकत नाही, तिच्यावर तरंगतं. मधलं अंतर फक्त काही नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. पोर्टेबल डिस्कची चकती बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. अशा अवस्थेत डिस्क पडली की हेड चकतीवर आपटतं. नंतरची टिकटिक म्हणजे हेड आपली जागा ओळखायच्या खुणा शोधत असतं. त्या सापडल्या नाहीत की मागे जातं, पुन्हा येतं. त्याचं टोक वाकलेलं किंवा तुटलेलं असेल तर प्रत्येक खेपेला ते चकतीवरचा थर खरवडू शकतं. तो थर हाच तुमचा डेटा. चकतीवर गोल चर पडला आणि आत काळी भुकटी दिसली की आम्ही झाकण लावून परत पाठवायचो. काढायला काही उरलेलंच नसायचं.

फ्रीझरची गोष्ट अगदीच थाप नाही. जुन्या डिस्कमध्ये बेअरिंग धरायचं किंवा हेड चकतीला चिकटायचं, ते थंडीने कधीकधी सुटायचं. पण इथे हेड मोडलंय, चिकटलेलं नाही. शिवाय बहुतेक डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं. गार डिस्क बाहेर काढली की आतल्या दमट हवेचं पाणी चकतीवर धरतं. काही नॅनोमीटरच्या फटीत पाण्याचा थेंब म्हणजे काय, तुम्हीच बघा.

आणि झाकण उघडून बघायचा मोह आवरा. लॅबमध्ये ज्या हवेत हे काम करतात तिथे घनफुटात अर्ध्या मायक्रॉनचे वा त्याहून मोठे कण शंभरच्या वर चालत नाहीत. आपल्या घरात, टेबल पुसून घेतलं तरी, लाखोंनी असतात.

मीनमेख | सोमवार, सकाळी १०:०५

माहिती चांगली आहे, पण लॅबवाले असंच घाबरवून गिऱ्हाईक करतात हेही तितकंच खरं. माझ्या मित्राची डिस्क एका ठिकाणी 'हेड गेलंय' म्हणून मोठा आकडा सांगून ठेवून घेतली होती. त्याने परत आणली. दुसऱ्या माणसाने डिस्कच्या सर्किट बोर्डावरचा एक बारकासा डायोड काढला आणि डिस्क तासाभरात चालू! हेडबिड काही गेलं नव्हतं.

चकतीवाला | सोमवार, सकाळी १०:४०

मीनमेख, असं होतं आणि असं करणारे लोक आहेत, नाकारत नाही. पण तुमच्या मित्राची डिस्क टेबलावरची मोठी असणार आणि तिला चुकीचा अडॅप्टर लागला असणार. ५ किंवा १२ व्होल्टच्या लाइनवर जास्त दाब आला की तो डायोड स्वतः मरून बोर्ड वाचवतो. अशी डिस्क अजिबात आवाज करत नाही. चकती फिरतच नाही. म्हणून आवाज ऐकणं महत्त्वाचं.

पूर्ण शांत असेल तर बोर्डाचा संशय, आणि ते तुलनेने स्वस्तात निघतं. बारीक 'बीप बीप' येत असेल तर मोटर फिरायला बघतेय पण काहीतरी अडतंय, बहुधा हेड चकतीवरच चिकटून बसलंय. नीट फिरते, दिसतेही, पण नाव भलतंच किंवा आकार शून्य, तर फर्मवेअर, म्हणजे डिस्कचं स्वतःचं आतलं सॉफ्टवेअर. नीट फिरते, नीट दिसते, फक्त फाइली दिसत नाहीत किंवा फॉरमॅट करायला सांगते, तर ते घरीही जमण्यासारखं असतं. आणि पडल्यावर टिकटिक म्हणजे हेड, त्यात फार वाद नाही.

खटपट्या | सोमवार, दुपारी १२:३०

मग तसलीच दुसरी डिस्क घेऊन तिचा बोर्ड लावला तर? व्हिडिओत पाहिलंय.

चकतीवाला | सोमवार, दुपारी १:००

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी चालायचं. आताच्या बोर्डावर एक छोटी चिप असते. तिच्यात त्याच डिस्कच्या हेडची मोजमापं असतात, कारखान्यात एकेका डिस्कसाठी वेगळी भरलेली. चिप न हलवता बोर्ड बदलला तर बोर्ड परक्या घरात चष्म्याशिवाय. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड त्याच बोर्डावर असतं, आणि काहींमध्ये सगळा डेटा त्या बोर्डावरूनच कूटबद्ध होतो, तुम्ही पासवर्ड लावला नसला तरी. म्हणून मूळ बोर्ड कधीही फेकू नका.

हेड बदलायचं तर त्याच मॉडेलची, त्याच घडणीची चालू डिस्क विकत घेऊन तिचा बळी द्यावा लागतो. डोनर म्हणतात तिला. कधी दोन-तीन लागतात. आकडा मोठा का, त्याचं अर्धं उत्तर हे. उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे कारागिराचा हात.

पाऊणशे | सोमवार, दुपारी ३:२०

वयाने मोठा म्हणून सुरुवात लांबून करतो, सांभाळून घ्या. पहिली हार्ड डिस्क १९५६ सालची, आयबीएमची. दोन फूट व्यासाच्या ५० चकत्या आणि त्या सगळ्यांत मिळून मावायचं जेमतेम ५ एमबी. आज मोबाइलचे दोन-चार फोटोही मावणार नाहीत.

आता मुद्दा. ताई, तुम्ही लिहिलंय 'जन्मापासूनचे सगळे फोटो'. हे सगळे म्हणजे कोणते? बारा वर्षांपूर्वी माझी डिस्क गेली तेव्हा मीही 'सगळं गेलं' म्हणत महिनाभर फिरलो. मग बायकोने वही पुढे ठेवली आणि म्हणाली, काय गेलं ते लिहा. लिहायला बसलो तर निम्म्याच्या वर गोष्टी कुणाच्या ना कुणाच्या ईमेलमध्ये, भावाच्या कॉम्प्युटरवर, जुन्या सीडीवर सापडल्या. एवढं झाल्यावर खरोखर गेलेलं दीड पान उरलं. त्यातलं अर्धं पान गेलं तरी चालणार होतं.

तुम्ही आकडा नव्या डिस्कच्या किमतीशी ताडून बघताय, तुमचे यजमानही तेच करताहेत. तो त्या दीड पानाशी ताडून बघा.

उशिरा_उठणारी | सोमवार, संध्याकाळी ६:४५

मी पैसे भरले होते. लिहावं की नाही विचार करत होते.

घटस्फोटानंतर सहा महिन्यांनी डिस्क गेली. आठ वर्षांचे फोटो होते. मी अक्षरशः रडून लॅबला दिली. मागितले तेवढे दिले. जवळपास सगळं परत आलं, त्यांचं काम चोख होतं. ती नवी डिस्क तीन वर्षं कपाटात आहे. एकदाही लावलेली नाही. दिले ते चुकले असंही म्हणवत नाही. पण तेव्हा 'काय हवंय' हे मला कुणी विचारलं नाही, मीही स्वतःला विचारलं नाही. पाऊणशे काकांचा प्रतिसाद तेव्हा वाचायला हवा होता.

बेडूकउडी | सोमवार, संध्याकाळी ७:०५

ताई, __/\__

अवांतर: माझी एसएसडी आहे, तिला फिरणारं काहीच नाही. म्हणजे मी सुटलो ना?

चकतीवाला | सोमवार, रात्री ८:१०

पडण्यापासून सुटलात. पण एसएसडी टिकटिक करत नाही, काल होती आणि आज नाही असं होतं. आणि पुसलेली फाइल परत आणायची आशा तिथे जवळपास सोडाच. ट्रिम नावाची सोय चालू असेल तर पुसलेले भाग डिस्क स्वतःच मोकळे करून टाकते.

मीनमेख | सोमवार, रात्री ९:३०

पण डिस्क स्वतःची तब्येत सांगते ना? तो स्मार्ट रिपोर्ट बघितला असता तर आधीच कळलं नसतं का? (हे पडण्याबद्दल नाही, सगळ्यांसाठीच विचारतोय.)

चकतीवाला | सोमवार, रात्री ९:५०

बघावा, पण त्यावर विसंबू नये. गूगलने २००७ मध्ये आपल्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता. पृष्ठभाग तपासताना पहिली चूक सापडली की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क मरण्याची शक्यता अशी चूक नसलेल्या डिस्कच्या ३९ पट. म्हणजे खूण दिसली तर गांभीर्याने घ्याच. पण त्याच अभ्यासात, मेलेल्या डिस्कपैकी ३६ टक्क्यांहून अधिक अशा होत्या की तापमान सोडलं तर रिपोर्टात एकही वाईट खूण नव्हती. धडधाकट माणूस जावा तशा गेल्या.

खटपट्या | सोमवार, रात्री १०:१५

ठीक आहे, फ्रीझर मागे घेतो. पण तुम्ही लोक फारच घाबरवता. कोलंबिया यान २००३ मध्ये आकाशात जळून कोसळलं, त्यातली एक डिस्क जळक्या लोखंडासारखी सापडली आणि ९९ टक्के डेटा निघाला! आणि इथे कमरेएवढ्या उंचीवरून पडली तर शोकसभा?

चकतीवाला | सोमवार, रात्री १०:४०

भारी उदाहरण दिलंत, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ती डिस्क बाहेरून भाजली होती, सील वितळून आत धूळ गेली होती. पण चकत्या वाकल्या नव्हत्या आणि आदळली तेव्हा त्या फिरत नव्हत्या. शिवाय सापडल्यावर कुणी तिला लॅपटॉपला लावून 'बघू चालते का' केलं नाही. कोरी वहींची डिस्क फिरता फिरता पडली आणि नंतर चार-पाच वेळा लावली गेली.

कोरी वही | मंगळवार, रात्री १२:२०

अकरा वेळा. खोटं कशाला बोलू.

पाऊणशे काका, यादी करायला घेतलीये. उद्या लिहिते.

कोरी वही | शुक्रवार, रात्री ११:३५

तीन रात्री लागल्या. सापडत गेलं तसं लिहिते.

पहिल्या वर्षाचे बहुतेक फोटो नवऱ्याच्या जुन्या फोनमध्ये निघाले. त्याची काच फुटलीये, पण चालू होतो. पहिलं पाऊल टाकलं तो व्हिडिओ, ज्याच्यासाठी मी रविवारी सगळ्यात जास्त रडले, तो बहिणीकडे होता. मीच तिला पाठवला होता. जरा धुरकट झालाय, पण आहे. भाषांतरं जवळजवळ सगळी पाठवलेल्या ईमेलांत. नवऱ्याचे हिशेब त्याच्या सीएकडे. कॅमेऱ्याची दोन कार्डं ड्रॉवरमध्ये होती, फॉरमॅट केलेली, पण नंतर फारशी न वापरलेली. त्यांवर फोटोरेक चालवलं (पुसलेले फोटो शोधणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, दिसायला भयंकर आहे, पण चालतं). सहाशेच्या वर फोटो आले, नावं आणि तारखा गेलेल्या.

उरलं काय? मुलगी दीड ते साडेतीन वर्षांची असतानाचे व्हिडिओ. आणि एक फाइल, जी मी रविवारच्या यादीत लिहिलीही नव्हती कारण आठवलीच नव्हती. ती बोलायला लागली तेव्हा स्वतःचे शब्द बनवायची. मी भाषांतर करणारी, सवयीने शब्दसूची ठेवली होती. एका बाजूला तिचा शब्द, दुसऱ्या बाजूला अर्थ आणि तो कधी, कशावरून आला ते. दीडेकशे शब्द असतील. फाइल काही केबीची.

नवऱ्याला यादी दाखवली. व्हिडिओंवर तो काही बोलला नाही. शब्दसूचीपाशी थांबला. म्हणाला, "ही कुठे ठेवली होतीस?" म्हटलं, त्याच डबीत.

आता सांगा, लॅबशी काय बोलायचं?

चकतीवाला | शनिवार, सकाळी ८:३०

व्वा, अशी यादी घेऊन येणारं गिऱ्हाईक मला पाच वर्षांत दोनदा भेटलं असेल.

फोनवर डिस्क न बघता पक्का आकडा सांगणारे, किंवा '२ टीबी म्हणजे इतके' असं आकारावर सांगणारे, त्यांना सोडा. खर्च बिघाडावर ठरतो, आकारावर नाही. आधी तपासणी मागा आणि नेमकं काय बिघडलंय ते लेखी मागा. डिस्क ते स्वतः उघडतात की पुढे दुसऱ्याकडे पाठवतात, हे थेट विचारा. बरेच जण नुसते पोस्टमन असतात. टिकटिकणारी डिस्क सॉफ्टवेअरने काढून देतो म्हणणाऱ्याकडून डिस्क उचलून घरी या.

'डेटा नाही तर पैसे नाहीत' हे वाक्य ऐकायला गोड असतं. डोनर डिस्कचे पैसे त्यात धरलेत का? डिस्क उघडल्यावर तुम्ही नको म्हणालात तर? निघालं पण तुम्हाला हवं ते निघालं नाही, तर? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. '९५ टक्के रिकव्हरी' याला अर्थ नाही, तुमची फाइल उरलेल्या पाचात असू शकते. पैसे भरण्याआधी फाइलींची यादी बघायला मागा, आणि व्हिडिओ नुसते नावाला आहेत की उघडतात तेही. डिस्क एकदा उघडली की दुसरी लॅब हात लावायला कां-कूं करते, म्हणून पहिली निवड विचार करून.

आणि तुमच्या दृष्टीने चांगली गोष्ट. बदललेलं हेड किती वेळ टिकेल सांगता येत नाही. म्हणून चांगला माणूस आधी फाइलींचा तक्ता वाचतो आणि मग सांगितलेली फोल्डरं आधी उचलतो. तुम्ही नाव आणि फोल्डर सांगू शकता. आधी शब्दसूची, मग ते व्हिडिओ, बाकी काहीच नको म्हणून सांगा. काही ठिकाणी त्याने आकडाही खाली येतो, विचारून बघा.

मीनमेख | शनिवार, सकाळी ९:१०

चकतीवाल्यांशी आज सहमत, तारीख लिहून ठेवा.

फक्त एक भर. आज हो किंवा आज नाही, एवढंच नाहीये. बंद डिस्क कोरड्या जागी ठेवली तर चुंबकीय नोंद वर्षानुवर्षं राहते. कर्ज काढून किंवा नड असताना हे करू नका. पैसे जमले की द्या.

चकतीवाला | शनिवार, सकाळी ९:२५

+१. फक्त फार वर्षं थांबलं तर जुळणारा डोनर मिळेनासा होतो.

कोरी वही | शनिवार, सकाळी ११:००

थांबायचं आम्हालाही सुचलं नव्हतं. दोघांनी बसून एक आकडा ठरवलाय, त्याच्या वर गेलं तर डिस्क कपाटात. तीन ठिकाणी हेच प्रश्न विचारले. एकाने फोन ठेवून दिला, एकाने चिडून उत्तरं दिली, तिसऱ्या बाईंनी उलट मलाच विचारलं, "पडल्यावर किती वेळा लावली?" त्यांच्याकडे देतेय.

पाऊणशे | शनिवार, सकाळी ११:२०

अकरा म्हणालात ना?

कोरी वही | शनिवार, सकाळी ११:२२

अकरा म्हणाले. त्या काही वेळ बोलल्याच नाहीत.

कोरी वही | पाच आठवड्यांनंतर, मंगळवार, रात्री १०:०५

धागा वर काढतेय.

चार हेडपैकी दोन गेली होती. एका पृष्ठभागावर चर पडलाय, तिथलं काहीच नाही. डोनर दोन लागले. आकडा आम्ही ठरवलेल्याच्या जरा वर गेला. मी थांबवायला फोन केला तेव्हा नवरा म्हणाला, होऊ दे.

व्हिडिओ साधारण निम्मे उघडतात. काही मध्येच गोठतात, चित्र थांबतं. दोन वर्षांच्या वाढदिवसाचा गेला. फोल्डरात नाव दिसतं, उघडत नाही.

शब्दसूची आली. १६३ शब्द. नवऱ्याने मोठ्याने वाचली आणि मुलगी स्वतःच्याच शब्दांवर लोळून हसली. १६२ शब्दांपुढे अर्थ आहे. 'गबूल' पुढे मी नुसतं 'विचारायचं' असं लिहून ठेवलंय. आज विचारलं. तिलाही आठवत नाही.

खटपट्या | मंगळवार, रात्री १०:२०

फ्रीझरमधून काढलेली डिस्क म्हणजे गबूल.

बेडूकउडी | मंगळवार, रात्री १०:२६

ताई, फाइलच्या प्रती किती केल्यात ते आधी सांगा.

कोरी वही | मंगळवार, रात्री १०:३१

चार. एक कागदावर.